परभणीची थंडी सोसत नाही म्हणून कोकणात घर घ्यायचंय? आधी तिथला जुलै बघा

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून दोन ओळीत परत मांडतो. तुम्ही परभणीचे, माध्यमिक शाळेतून रिटायर, पेन्शन बेचाळीस हजाराच्या आसपास, ग्रॅच्युइटी-कम्युटेशन मिळून हातात अडतीस लाख. परभणीत स्वतःचं घर, सेलू तालुक्यात चार एकर कोरडवाहू. वहिनींना दमा आणि गुडघे, डिसेंबर-जानेवारीत रात्र रात्र बसून काढावी लागते. मुलगी पनवेलला, मुलगा पुण्यात वाकडला. म्हणून समुद्राकाठी, उबदार ठिकाणी, परवडेल असं घर घ्यायचं आणि पोरांच्या जवळ राहायचं. जानेवारीत दिवेआगर आणि गुहागर बघून आलात, दोन्ही आवडले, आणि गुहागरकडचा एक एजंट सहा गुंठ्याच्या वाडीसाठी टोकन मागायलाय.

टोकन देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

मी लातूरला वकिली करतो, मुख्य काम टायटल सर्चचं, म्हणजे जागेची मालकी कागदावरून तपासायचं, आणि बरेच क्लायंट रिटायर झालेले शिक्षक, बँकवाले, झेडपीवाले. कोकणात जागा घ्यायची हौस आपल्या भागातल्या माणसाला असतेच, साहजिक आहे, आयुष्यभर टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेल्या माणसाला नारळाची झाडं आणि समुद्र दिसला की डोकं जागेवर राहत नाही. पण कागद घेऊन माझ्याकडं येतात ते बहुतेक पैसे देऊन झाल्यावर. तुम्ही आधी विचारलं हे चांगलं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंडीचं तुमचं गणित बरोबर आहे. परभणीत थंडीची लाट आली की पारा पाच-सहापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. समुद्राचं पाणी हळू तापतं आणि हळूच गार होतं, त्यामुळं किनाऱ्यावर रात्र फार उतरत नाही, जानेवारीतही पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच. उन्हाळ्यात आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस असतं तिथं तेहतीस-चौतीस. घाम भयंकर, पण लू नाही. मात्र हा समुद्राचा गुण किनाऱ्याच्या पट्ट्यापुरताच, तुम्ही सह्याद्रीच्या पायथ्याकडं जसजसं आत सरकाल तसतशी रात्र गार होत जाते. दापोलीचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवलंय, कृषी विद्यापीठातल्या माणसानं असणार, परभणीवाल्यांची दापोलीशी ओळख तिथूनच असते. गाव फार छान, पण दापोली वर सड्यावर, म्हणजे उंच पठारावर आहे, हिवाळ्यात तिथं पारा कधीकधी दहाच्याही खाली जातो. थंडीपासून पळायचं म्हणून दापोली निवडली तर काय फायदा.

आता जुलै. तुम्ही जानेवारीत बघून आलात. जानेवारीतलं कोकण म्हणजे लग्नाच्या बोलणीतली माणसं, सगळी गोडच असतात. आपल्याकडं वर्षभरात सातशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडला तर बरं वर्ष म्हणतो, रत्नागिरीकडं तीन हजाराच्या वर पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यात. म्हणजे नुसता जास्त पाऊस असं नाही, चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या शर्टांवर पांढरी-हिरवी बुरशी, मीठ-साखरेच्या बरण्यांना पाणी सुटलेलं, भिंतीला हात लावला तर गार ओल. आणि दम्याच्या पेशंटला बुरशी वाईट, हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून घ्या, ते हेच सांगतील. म्हणजे वहिनींचा डिसेंबर सुधारण्यासाठी आपण जुलै-ऑगस्ट बिघडवून तर घेत नाही ना, हा पहिला प्रश्न. गुडघ्यांचंही तसंच, कोणाला कोरडी थंडी बाधते, कोणाला ओल. तिथं महिनाभर राहून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. पोरांच्या जवळ म्हणजे काय? नकाशावर दिवेआगर पनवेलपासून लांब नाही वाटत. पण अंतर मोजायचं ते जुलैमधल्या रात्री दोन वाजता, वहिनींना धाप लागलीय आणि बाहेर धो धो पाऊस आहे असं धरून. तेव्हा गाडी कोण आणणार? रस्त्यावर झाड पडलेलं असेल का? लाइट असेल का? नेब्युलायझर लाइटवर चालतं हे विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातच जमिनीवर आलं, तिथल्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे-कौलं उडाली, आणि वीज कित्येक गावांत कित्येक दिवस आली नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठी नदीच्या पाण्यात बुडालं, त्याच दिवशी महाडही बुडालं आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावात दरड कोसळली, कोकण रेल्वेही बंद पडली होती. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तिथली माणसं राहतातच की. पण ती जन्मापासून राहतात, त्यांना कोणाची होडी कुठं असते आणि कोणाचा जनरेटर चालू असतो हे माहीत असतं. आपण साठीनंतर नवीन जाणार.

पुण्याहून कोकणात उतरायचं म्हणजे घाट आलाच. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, कुठलाही घ्या, पावसाळ्यात दरडी, धुकं, वरंधा तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच ठेवतात. मुलगा वाकडला आहे म्हणजे त्याच्यासाठी बारमाही भरवशाचा रस्ता एकच, एक्स्प्रेसवे, आणि तो पनवेलला उतरतो. मुलगी पनवेललाच. म्हणून तुमच्या केसमध्ये पनवेलपासून तासाभराच्या आतलं ठिकाण सोडून दुसरीकडं बघायचं मला काही कारण दिसत नाही. पोरांच्या नोकऱ्यांचा काही भरवसा नाही, मुलगा उद्या बंगळुरूला गेला तर? तेव्हाही पनवेल सोयीचंच, स्टेशन आहे, हायवे आहे, नवी मुंबईचं विमानतळ आहे. आणि परभणीला परत यायचं झालं तर नांदेड-पनवेल गाडी आहेच, संध्याकाळी परभणीला बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेल, मधे कुठं बदलायचं नाही. आपल्या भागातून किनारपट्टीला एका बिछान्यावर नेणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता तुम्ही विचारलेली गावं एकेक करून. अलिबाग सोडून द्या, मांडव्याची रो-रो बोट आणि मुंबईच्या पैशामुळं ते अडतीस लाखात बसत नाही, बसलं तरी हातात काही उरत नाही. दिवेआगर-श्रीवर्धन: राहायला सुंदर, पण मोठा दवाखाना म्हणजे माणगाव, अलिबाग नाहीतर थेट पनवेल. दमा असलेल्या माणसासाठी मी नाहीच म्हणतो. गुहागर: किनारा कोकणातल्या सगळ्यात चांगल्या किनाऱ्यांपैकी, पण चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल त्याच्याही पुढं, आणि दोन्ही पोरांपासून लांब. मालवण-वेंगुर्ला-कुडाळकडं शांत आहे, पुढं गोवा आहे, पण परभणीहूनही लांब आणि पुण्याहूनही. ज्यांची पोरं गोव्यात किंवा कोल्हापूरला आहेत त्यांनी तिकडं बघावं.

रत्नागिरी शहराचा विचार मात्र लातूर-नांदेडच्या माणसानं जरूर करावा, कारण नागपूर-रत्नागिरी हायवे आपल्या दारातूनच जातो, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरी. जिल्ह्याचं ठिकाण, सिव्हिल हॉस्पिटल, आता सरकारी मेडिकल कॉलेज, स्टेशनवर वंदे भारत थांबते, ती पनवेलला पण थांबते. तुमची पोरं कोल्हापूरकडं असती तर मी डोळे झाकून रत्नागिरी म्हटलं असतं. तुमच्यासाठी दुसऱ्या नंबरला.

पहिल्या नंबरला पेण. तुम्हाला हसू येईल, पेणला समुद्र कुठाय? दारात नाही, खाडी आहे, अलिबागचा किनारा तीसेक किलोमीटरवर, रविवारी जाऊन या. वाळू रोज दारात लागतेच असं नाही. हवा किनाऱ्याचीच, जानेवारीत परभणीसारखं कुडकुडायला होत नाही. दिवा-रोहा मेमू पेणला थांबते, मुलीकडं तासाभरात, कामोठ्याचं मोठं मेडिकल कॉलेज हॉस्पिटल त्याच रस्त्याला. गणपतीच्या मूर्तींचं गाव, बाजारपेठ मोठी, ज्वारी मिळते. ज्वारीचं सांगायलोय कारण बाहेर राहिलेली आपली माणसं सगळ्यात आधी तीच तक्रार करतात, तांदळाच्या भाकरीनं पोट भरत नाही म्हणतात. करडईचं तेल मात्र इकडूनच डबा न्यावा लागेल.

पण पेणमध्येही सगळीकडं नाही. शहराच्या पश्चिमेला खारेपाट आहे, समुद्राचं पाणी बांधानं अडवून केलेली जमीन. तिथं पिण्याच्या पाण्याचे हाल वर्षानुवर्षांचे आहेत, उन्हाळ्यात टँकर, अगदी आपल्यासारखे. भोगावती नदीच्या काठचा सखल भागही टाळा. आणि अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून इकडच्या प्रत्येक दलालाच्या तोंडी तिसरी मुंबई. उरण, पनवेल, पेण तालुक्यातल्या १२४ गावांच्या नव्या शहराचं काम एमएमआरडीएकडं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं दिलेलं आहे हे खरं, पण त्या गावांतली शेतजमीन प्लॉट म्हणून विकत घेणं तुमचं काम नाही. तुम्हाला राहायचंय, गुंतवणूक खेळायची नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या माणसाला पटत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये विहिरी कोरड्या पडतात. जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, थेट समुद्रात. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी शिरतं. म्हणून वाडी बघायला गेलात तर मे महिन्यात जा, विहिरीत डोकवा, पोहऱ्यानं पाणी काढून जिभेवर ठेवा. मालकाच्या घरात चहा घ्या आणि तो चहा कुठल्या पाण्याचा आहे ते विचारा. विहिरीचा नसेल, नळाचा किंवा विकतच्या जारचा असेल, तर उत्तर मिळालं. त्याच फेरीत खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवा, खारी हवा लोखंडाला कशी खाते ते बोटाला लागतं, पापुद्रे निघतात. तिथं लोखंडी ग्रिल, लोखंडी जिना, साधा पत्रा हे सगळं दर दोन-तीन वर्षांनी रंगवायचं किंवा बदलायचं. हा खर्च कोणीच धरत नाही.

आणि पाखाडी. गुहागरच्या त्या वाडीत गाडी दारापर्यंत जाते का? कोकणातल्या कितीतरी घरांना रस्त्यापासून खाली उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ. एका क्लायंटनं, ते अंबाजोगाईचे बँकेतले, असंच घर पसंत केलं होतं, पाखाडी फार सुंदर, फोटोत तर काय विचारता. त्यांच्या मिसेसचे गुडघे तुमच्या वहिनींसारखेच. मी विचारलं स्ट्रेचर कसं जाणार. फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही, मग त्यांनी तो नाद सोडला.

आता कागद, माझं मुख्य काम. तुमच्या नावावर सेलूला चार एकर आहे म्हणजे तुम्ही शेतकरी, कोकणात शेतजमीन घेऊ शकता. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आपल्याकडं हैदराबाद कुळकायदा, तिकडं १९४८ चा मुंबईचा कायदा, या बाबतीत सार एकच. पण सातबारा तुमच्या नावावर आहे ना? की वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या? वारसाचा फेरफार झाला नसेल तर आधी तो करून घ्या. आणि सेलूची जमीन विकून तिकडं घ्यायचा विचार असेल तर सगळी एकदम विकू नका, तिकडची खरेदी होईपर्यंत थोडी तरी नावावर ठेवा, नाहीतर मधल्या काळात तुम्ही शेतकरी आहात हे सिद्ध करत बसावं लागतं.

त्या सहा गुंठ्यांचा सातबारा एजंटनं दाखवलाय का? मला वाटतं तो कॉमन सातबारा असणार. तुकडेबंदीमुळं, म्हणजे ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी असल्यामुळं, एवढ्या लहान शेतजमिनीचं स्वतंत्र खरेदीखत सहसा होत नाही, म्हणून मोठ्या गटात हिस्सेदार म्हणून नाव लावून देतात आणि जागेवर चुन्यानं रेघ मारून ही तुमची म्हणतात. कागदावर ती रेघ कुठंच नसते. कोकणातल्या सातबाऱ्यावर तसंही नावांची रांग असते, वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, त्यांचे वारस कुठं कोणाला माहीत. विकणारा एकटाच सही करतो आणि गणपतीला गावी आलेला चुलतभाऊ तुमच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, येऊन उभा राहतो. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा मोजणीसह झालेलं वाटप नसेल तर पुढं वाचायचं पण नाही.

इतर हक्काचा रकाना नीट वाचा. तिथं कुळाची नोंद असू शकते, कुळकायदा कलम ४३ ची अट असू शकते, म्हणजे विक्रीला आधी परवानगी लागणार किंवा ठरलेली रक्कम भरावी लागणार. खाजगी वनाचा शेरा असू शकतो, सिंधुदुर्गाकडं वनसंज्ञा म्हणतात, असा शेरा असला की बांधकामाचं स्वप्न विसरा. समुद्राच्या जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम होत नाही, आणि हा नियम फक्त समुद्राला नाही, खाडीलाही वेगळ्या अंतरानं लागू असतो, हे लोकांना माहीत नसतं. समुद्र दिसणारी जागा स्वस्तात मिळायलीय म्हटलं की मला आधी सीआरझेडचा संशय येतो. गावठाणातलं जुनं चिऱ्याचं घर असेल तर सातबारा नसतो, विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढं करतो. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड झालं असेल तर ते मागा, नसेल तर जुनी खरेदीखतं, वारसांची साखळी, सगळं.

फ्लॅट घेणार असाल तर प्रकरण सोपं आहे पण एकदम सोपं नाही. इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का, महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर आहे का, आणि लिफ्ट आहे का. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतो तो तेवढ्यासाठीच. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क नगरपालिका हद्द, ग्रामपंचायत हद्द यानुसार बदलतं, घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत मिळते. आणि विकणारा सांगतो तो भाव खरा की खोटा हे तपासायला रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो. बाजारभाव त्यापेक्षा कमीजास्त असतो, पण अंदाज येतो.

पण खरं सांगू का, मी तुम्हाला विकतच घेऊ नका म्हणतोय. हिशोब बघा. पोस्टाची सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, मर्यादा ३० लाख, सध्याचा दर ८.२ टक्के. ३० लाखाचं वर्षाचं व्याज २,४६,००० म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, दर तिमाहीला ६१,५०० खात्यावर. व्याजावर टॅक्स लागतो ते धरा. तेच ३० लाख फ्लॅटमध्ये घातले की ही आवक गेली, वर मेंटेनन्स, घरपट्टी, रंग तुमच्या गळ्यात. पेणसारख्या ठिकाणी टू बीएचके या रकमेपेक्षा कमी भाड्यात मिळतो. म्हणजे व्याजात भाडं निघून वर दवाखान्याला उरतं आणि मुद्दल शाबूत. उद्या वहिनींना हवा मानवली नाही तर सामान भरायचं आणि परत. विकत घेतलेला फ्लॅट परत विकायला लहान गावात किती वेळ लागतो, ते ज्यांनी विकलाय त्यांना विचारा.

आणि परभणीचं घर विकू नका, निदान एक पूर्ण वर्ष. घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर भांडवली नफ्यावरचा टॅक्स वाचतो, म्हणजे घाई करायचं कारणच नाही. पोरं म्हणतील बाबा ते विका आणि आमच्या फ्लॅटमध्ये घाला, वरची एक खोली तुमची. मुलगा चांगला असेल, सून चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. पण पैसे किंवा घर देणारच असाल तर बक्षीसपत्रात आमचा सांभाळ करायचा ही अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अशी अट असेल आणि ती पाळली नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय आहे. अट लिहिलेलीच नसेल तर पुढं फार त्रास होतो. पोरांसमोर हे बोलायला अवघड जातं हे मला कळतं, मग वकिलानं सांगितलं म्हणा, आमचं नाव पुढं करायला आमची ना नाही.

तर तुमच्या केसमध्ये माझं म्हणणं असं आहे की कायमचं जायचंच कशाला? तुमचा त्रास डिसेंबर-जानेवारीचा आणि थोडा एप्रिल-मेचा. जुलै-ऑगस्टमध्ये परभणी उत्तम असते, ना ऊन ना थंडी, आणि नेमकं तेव्हाच कोकण दम्याला वाईट. नोव्हेंबर ते मे पेणला, जून ते ऑक्टोबर परभणीला. घर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घ्या, सात महिने राहा, बाकीचे महिने कुलूप. तेवढं भाडं वाया गेलं तरी फ्लॅट घेण्यापेक्षा स्वस्त. आणि एवढं करून तुम्हाला तिकडं विकत घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षी मुद्दाम जुलैभर तिथं राहा, वहिनींनी तो महिना नेहमीच्याच डोसवर काढला तर घ्या, नाहीतर विषय संपला. एक्सेल शीटपेक्षा हा महिना जास्त सांगतो.

जाण्यायेण्याचा खर्च फार नाही. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढं मोफत, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धंच, म्हणजे वहिनींना वयाची वाट बघायची गरज नाही. ७० पूर्ण झाले की आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पाच लाखापर्यंत, ते काढून ठेवा आणि कामोठे-पनवेलचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते आधीच बघून ठेवा, ऐनवेळी नाही. पेन्शन ट्रान्सफर करायची काही गरज नाही, बँकेत येतेय ती येऊ द्या, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून मोबाइलवरून होतो. मुलीला एकदा करायला सांगा, मग तुम्हाला जमेल.

एक राहिलं, माणसांचं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच वाड्यांत गणपती आणि शिमगा सोडला तर निम्म्या घरांना कुलपं असतात, तरणी माणसं मुंबईला. मागं राहतात ती तुमच्याच वयाची. शेजार असतो, चांगला असतो, पण रात्री गाडी काढणारा कोणी नसतो. पनवेल-कळंबोली-कामोठे भागात आपल्याकडची माणसं भरपूर आहेत, बोलीवरून दोन वाक्यात ओळख पटते. वहिनींना दुपारी बोलायला कोणी आहे की नाही हे घर बघताना विचारा, तुम्ही पेपर वाचून दिवस काढाल, त्यांचं काय?

भाड्याचं घर बघताना तळमजला किंवा लिफ्ट, नळाला पाणी किती वेळ येतं, इन्व्हर्टर लावायला परवानगी आहे का, बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओलीचे डाग रंगाखाली लपवलेत का, हे बघा. करार रजिस्टरच करायचा, हे घरमालकाला पहिल्याच भेटीत सांगा, काही जण नोटरीवर भागवू म्हणतात, ऐकू नका, रजिस्टर करार असला की गॅस, बँकेचा पत्ता सगळं सोपं जातं. आणि गुहागरच्या जागेचा गट नंबर एजंटकडून मागून घ्या, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. तो आणि त्याच्यावरचे फेरफार मला पाठवा, बघून सांगतो. गट नंबर द्यायला तो टाळाटाळ करायला लागला तर मग मला पाठवायचीही गरज नाही.